शेवटचं प्रूफ कोणी पाहिलं?

पंकमधला सर्वांत थोर अल्बम कोणता, असं मला विचारलं तर उत्तर ठरलेलं आहे : मिनिटमेन या बँडचा 1984 सालचा 'डबल निकल्स ऑन द डाइम'. निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड' नव्हे, सेक्स पिस्टल्सचा पिवळ्याधमक कव्हरचा अल्बमही नव्हे. क्लॅशचा 'लंडन कॉलिंग' माझ्या यादीत दुसरा, आणि तोही अगदी थोडक्यात. या क्रमावरून मी डेक्कनवरच्या इराण्याकडे चहा गार होईस्तोवर वाद घातले आहेत आणि अजूनही घालते. कारण हा क्रम नुसत्या आवडीनिवडीचा नाही. त्यामागे एक कसोटी आहे, आणि ती मला नारायण पेठेतल्या एका छापखान्यात मिळाली.

नव्वदच्या दशकाच्या मध्यात मी पुण्यात कॉलेजात होते. मावसभाऊ एमएस करायला मिनिआपोलिसला गेला होता. सुट्टीत येताना तो कॅसेटी भरून आणायचा. नव्वद मिनिटांच्या, टेप केलेल्या, बॉलपेनने गिचमीड अक्षरात गाण्यांची नावं लिहिलेल्या. आमच्या ग्रुपमध्ये तेव्हा 'नेव्हरमाइंड'चं राज्य होतं. ते का होतं हे मला आजही पटतं. सिअ‍ॅटलच्या बाजूच्या तीन पोरांनी जानेवारी 1992 मध्ये मायकल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला अमेरिकेतल्या पहिल्या क्रमांकावरून खाली ओढलं, ही गोष्टच अंगावर काटा आणणारी होती. कर्ट कोबेनच्या गळ्यातली खरखर, डेव्ह ग्रोलचे ड्रम्स, सगळं थेट छातीत शिरायचं. भावाने आणलेल्या कॅसेटींतलं संगीत मात्र वेगळंच होतं. आवाज पातळ, गाणी तोकडी, कुठे सूर सुटलेला. तरी मी त्याच पुन्हा पुन्हा लावायचे आणि का लावते ते मला नेमकं सांगता येत नव्हतं.

ते मामाने सांगितलं. मामाचा छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका, हँडबिलं आणि पावतीपुस्तकं छापून पोट भरायचं आणि उरल्या वेळात कवितांची पुस्तकं काढायची, असा त्याचा खाक्या. अशोक शहाणे यांचं 'असो', राजा ढाले यांचं 'येरू' अशा अनियतकालिकांच्या काळात तो तरुण होता. स्टेन्सिल कापणं, सायक्लोस्टाइल फिरवणं, अंक पिशवीत घालून हातोहात वाटणं, हे सगळं त्याने केलेलं. एका संध्याकाळी मी टेपरेकॉर्डर घेऊन छापखान्यात गेले आणि त्याला 'डबल निकल्स' ऐकवला. रॉकशी त्याचा काही संबंध नव्हता. एक बाजू त्याने खिळे जुळवता जुळवता ऐकली आणि विचारलं, "खर्च किती आला गं याला? पैसे कोणाचे? आणि शेवटचं प्रूफ कोणी पाहिलं?"

हे तीन प्रश्न मी तेव्हापासून प्रत्येक रेकॉर्डला विचारते.

न्यूयॉर्कच्या रामोन्सपासून सुरुवात करू. त्यांचा पहिला अल्बम 1976 चा. चौदा गाणी, एकोणतीस मिनिटं, खर्च सुमारे 6400 डॉलर. डाव्या स्पीकरमध्ये बास, उजव्या स्पीकरमध्ये गिटार. हेडफोनचा एक कान काढला की अर्धा बँड गायब. तेव्हाचे मोठे रॉक बँड एकेका अल्बमसाठी स्टुडिओत महिनोन् महिने मुक्काम ठोकत होते आणि या चौघांनी आठवडाभरात काम संपवलं. पंक इथे जन्मला असं मी म्हणते, कारण ऐकणाऱ्याला इथे पहिल्यांदा वाटलं की हे मलाही जमेल. त्याच वर्षी लंडनमध्ये मार्क पेरी नावाच्या बँकेतल्या कारकुनाने रामोन्सच्या झपाट्यात 'स्निफिन ग्लू' हे झेरॉक्स केलेलं मासिक काढलं. मामाला ते हातात मिळालं असतं तर त्याने त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुकांसकट त्याला आपलं मानलं असतं.

सेक्स पिस्टल्सच्या 1977 च्या अल्बमबद्दल माझं मत कडक आहे. तो जोरदार आहे, त्याने इंग्लंड हादरलं, पण पंकचा आदर्श म्हणून तो दाखवला जातो तेव्हा मी हरकत घेते. क्रिस टॉमससारख्या कसलेल्या निर्मात्याने स्टीव्ह जोन्सच्या गिटारचे थरावर थर चढवून तो बांधला आहे. हाच टॉमस पूर्वी पिंक फ्लॉइडच्या 'डार्क साइड ऑफ द मून'च्या मिक्सिंगला होता. राग खरा आहे, पण त्याला उत्तम इस्त्री केलेली आहे.

त्याच लंडनमधला एक्स-रे स्पेक्सचा 'जर्मफ्री अ‍ॅडोलसंट्स' (1978) मी पिस्टल्सच्या वर ठेवते, आणि यावर माघार घेत नाही. पॉली स्टायरीन, खरं नाव मॅरिअन एलियट, सोमाली बापाची मुलगी. एकोणिसाव्या वाढदिवशी तिने हेस्टिंग्जच्या धक्क्यावर पिस्टल्सना ऐकलं आणि मग जाहिरात देऊन स्वतःचा बँड उभा केला. दाताला तारा, अंगावर भडक रंगांचे कपडे, आणि विषय काय, तर प्लॅस्टिक, जाहिराती, बाजार, आरशात स्वतःला शोधणारी मुलगी. गिटारच्या बरोबरीने सॅक्सोफोन किंचाळतो. कॉलेजात मुलांच्या घोळक्यात मुलीने रॉकबद्दल मत दिलं की आधी तिची परीक्षा घेतली जायची. त्या काळात पॉलीचा आवाज मला पाठीवरच्या हातासारखा वाटला. ती कोणाला आवडावी म्हणून गात नाही. तिचं प्रूफ तिने स्वतः पाहिलंय, हे पहिल्या ओळीपासून कळतं.

आता 'लंडन कॉलिंग'. डिसेंबर 1979. काही पंकनिष्ठ म्हणतात की क्लॅशने इथे पंक सोडला. मी म्हणते, इथे पंक वयात आला. रेगे, स्का, रॉकबिली, जॅझ, सगळं या एकोणीस गाण्यांत आहे, आणि ते उसनं वाटत नाही. बँडचा बास वाजवणारा पॉल सिमनन ब्रिक्स्टनमध्ये, जमैकन वस्तीच्या शेजारात वाढलेला. 'द गन्स ऑफ ब्रिक्स्टन' त्याने लिहिलं आणि स्वतः गायलं. त्या गाण्यातली बास ऐका, ती गल्लीतून चालत येते. निर्माता गाय स्टीव्हन्स रेकॉर्डिंग चालू असताना खुर्च्या भिरकवायचा. कोणत्याही शहाण्या कंपनीने त्याला काम दिलं नसतं. बँडने त्याचाच हट्ट धरला, आणि तो उन्माद टेपवर उतरला.

मामाच्या प्रश्नांची उत्तरं इथे गुंतागुंतीची आहेत. पैसे सीबीएस या बलाढ्य कंपनीचे. पण बँडने डाव टाकला : अल्बमसोबत एक बारा इंची सिंगल फुकट देण्याची परवानगी कंपनीकडून काढली आणि तिच्या जागी दुसरी अख्खी रेकॉर्डच भरली. दोन रेकॉर्डी एकीच्या किमतीत विकायला लावल्या. शेवटचं 'ट्रेन इन व्हेन' तर इतक्या उशिरा घातलं की कव्हरवरच्या यादीत त्याचं नावच नाही. पुढच्या वर्षी 'सँडिनिस्टा!' हा तीन रेकॉर्डींचा अल्बम स्वस्तात विकता यावा म्हणून पहिल्या दोन लाख प्रतींवरची रॉयल्टी त्यांनी सोडली. 'सँडिनिस्टा!' मला पसरट वाटतो. छत्तीसपैकी निम्मी गाणी काढली असती तर तो अजोड झाला असता. पण ऐकणाऱ्याच्या खिशाचा असा विचार करणारे बँड मला फार सापडले नाहीत.

कव्हरवरच्या फोटोचीही हीच गोष्ट. न्यूयॉर्कच्या पॅलेडियममध्ये सिमनन चिडून बास गिटार जमिनीवर आपटतो आहे. फोटो हलला आहे म्हणून फोटोग्राफर पेनी स्मिथचा त्याला विरोध होता. बँडने तोच निवडला आणि त्यावर एल्व्हिसच्या पहिल्या अल्बमसारखी गुलाबी-हिरवी अक्षरं टाकली. ती मोडकी बास आता लंडनच्या संग्रहालयात आहे.

मग 'लंडन कॉलिंग' पहिला का नाही? कारण 1984.

त्या जुलैत कॅलिफोर्नियातल्या एसएसटी या छोट्या कंपनीने दोन डबल अल्बम काढले. एक हुस्कर डूचा 'झेन आर्केड'. हा बँड मिनिआपोलिस-सेंट पॉलचा, म्हणून भावाचा त्यावर गावकीचा जिव्हाळा. घर सोडून निघालेल्या मुलाची गोष्ट, तेवीस गाणी, खर्च सुमारे 3200 डॉलर, आणि जवळजवळ प्रत्येक गाणं पहिल्याच टेकमध्ये घेतलेलं. बॉब मोल्डची गिटार पावसाच्या झडीसारखी कोसळत राहते, आणि मधेच ग्रँट हार्ट साध्या अकूस्टिक गिटारवर असं काही गातो की श्वास थांबतो. वेगवान पंकमध्ये दुःख मावतं, पियानो मावतो, चौदा मिनिटांचं वादन मावतं, हे या अल्बमने दाखवलं. निर्वाणा, पिक्सीज आणि पुढच्या सगळ्या 'आल्टरनेटिव्ह'चा रस्ता इथून जातो. कंपनीने सावधपणे थोड्याच प्रती काढल्या आणि त्या हां हां म्हणता संपल्या.

दुसरा 'डबल निकल्स'. सॅन पेड्रो या बंदराच्या गावातले डी. बून आणि माइक वॉट हे लहानपणापासूनचे दोस्त. ड्रम्सवर जॉर्ज हर्ली. तिघंही कामगार घरांतले. एका रेकॉर्डपुरती गाणी तयार होती. तेवढ्यात हुस्कर डू दोन रेकॉर्डी करताहेत असं कळलं, आणि यांनी ईर्ष्येने आणखी गाणी लिहून काढली. चाळीसहून जास्त गाणी, बरीचशी दोन मिनिटांच्या आतली, मिक्सिंग एका रात्रीत, खर्च सुमारे 1100 डॉलर. तीन बाजूंसाठी तिघांनी आळीपाळीने गाणी निवडली, आणि प्रत्येक बाजूची सुरुवात त्या त्या गड्याच्या गाडीच्या इंजिनाच्या आवाजाने. उरलेली गाणी चौथ्या बाजूला, आणि तिचं नाव 'चॅफ', म्हणजे भूसकट. त्या भूसकटावर दुसऱ्या कोणाचं नाव झालं असतं.

हा बँड काटकसरीवर उभा होता. सामान स्वतः उचलायचं, व्हॅन स्वतः चालवायची, स्टुडिओचे तास मोजून वापरायचे आणि त्यासाठी आधी चोख तालीम करायची. हीच काटकसर संगीतात आहे. गाण्याला जेवढं म्हणायचं आहे तेवढं म्हणून ते थांबतं. बूनने आपल्या गिटारचा सूर मुद्दाम पातळ, टोकदार ठेवला, म्हणजे खालची सगळी जागा वॉटच्या बासला मोकळी. तीन वाद्यं, तिघांना सारखा हक्क. समतेवर गाणी पुष्कळांनी केली आहेत. समता वाजवून दाखवलेली मी इथेच ऐकली. 'कोरोना' हे बिअरच्या नावाचं गाणं घ्या : मेक्सिकोच्या किनाऱ्यावर रिकाम्या बाटल्या वेचणाऱ्या बाईला पाहून बूनने ते लिहिलं. चाल नाचरी आहे, आत कळ आहे.

22 डिसेंबर 1985 रोजी अ‍ॅरिझोनात व्हॅनच्या अपघातात बून गेला. सत्तावीस वर्षांचा होता. मिनिटमेन तिथेच संपला. वॉट अजून वाजवतो आणि आपल्या रेकॉर्डी बूनला अर्पण करतो.

मामाच्या याच प्रश्नांमुळे मला निर्वाणाचाही 'इन यूटेरो' (1993) जास्त जवळचा. 'नेव्हरमाइंड' अँडी वॉलेसच्या मिक्सिंगने चकचकीत झाला आणि कोबेनला स्वतःलाच पुढे तो खटकत राहिला. 'इन यूटेरो' त्यांनी मिनेसोटातल्या एका स्टुडिओत स्टीव्ह अल्बिनीकडे दोनेक आठवड्यांत केला. अल्बिनीने रॉयल्टी नाकारली. नळदुरुस्ती करणाऱ्याला देतात तशी मला कामाची मजुरी द्या, असं त्याने बँडला पत्रात कळवलं होतं. दोन गाणी नंतर दुसऱ्याकडून मिक्स करून घेतली, तरी बाकी अल्बममध्ये खोली ऐकू येते, भिंती ऐकू येतात, माणूस ऐकू येतो.

आणि फुगाझी. वॉशिंग्टनचा हा बँड वर्षानुवर्षं पाच डॉलरच्या आसपास तिकीट ठेवून वाजवत राहिला, कोणत्याही वयाच्या पोरांना आत घेत राहिला आणि डिस्कॉर्ड या आपल्याच कंपनीतून रेकॉर्डी काढत राहिला. गर्दीत कोणी दांडगाई केली तर इयन मकाय गाणं थांबवायचा आणि पैसे परत करून त्याला बाहेर काढायचा. 1990 च्या 'रिपीटर'मधला ताण, दोन गिटारींची कापाकापी, मधली नेमकी शांतता ही अशी शिस्त असलेल्यांनाच जमते.

पैसे कमी म्हणजे संगीत भारी, असं माझं म्हणणं नाही. स्वस्तात केलेल्या रटाळ रेकॉर्डी मी ढिगाने ऐकल्या आहेत. माझं म्हणणं एवढंच, की शेवटचा निर्णय ज्यांनी गाणं केलं त्यांच्या हातात असला की तो ऐकू येतो, वीस वर्षांनी, चाळीस वर्षांनीही.

तेव्हा सुटी सुटी गाणी ऐकू नका. 'डबल निकल्स'च्या चारही बाजू क्रमाने, एका बैठकीत ऐका, मग 'लंडन कॉलिंग', मग 'झेन आर्केड'. जे बँड आजही आपलं संगीत स्वतः विकतात, त्यांच्याकडून पैसे मोजून घ्या. आणि माझा क्रम पटला नाही तर तुमचा मांडा, कारणांसकट.