भाकसाचा चारा

भाकसाला गळावर काय लावायचं, असं कुणी नव्याने विचारलं की मी उलट तिथी विचारतो. समोरच्याला वाटतं, मास्तर टाळतायत. पण अष्टमीच्या पाण्याचा चारा पौर्णिमेला चालत नाही, आणि अर्नाळ्यासमोर तर मुळीच चालत नाही. इथे वैतरणा समुद्राला मिळते, दक्षिणेला वसईच्या खाडीतून उल्हासचं पाणी येतं, आणि दोघी मिळून इतका गाळ आणतात की उधाणाच्या दिवसांत होडीच्या काठावरून हात बुडवला तर आपलीच बोटं दिसत नाहीत. अशा पाण्यात माशाला चारा सापडतो तो वासाने, नाहीतर जवळून काहीतरी फडफडत गेलं म्हणून. अष्टमीच्या भांगाला पाण्याची ओढ कमी होते, गाळ खाली बसतो, थंडीच्या महिन्यांत तर पाणी हिरवट निवळ दिसायला लागतं. तेव्हा डोळ्याने शिकार करणाऱ्याचे दिवस येतात. भाकस त्यातला. म्हणून मी भाकसासाठी भांग धरतो आणि उधाणात शिंगाळा, वाम, कोत यांच्या मागे जातो.

भाकस वसई-विरारच्या बाजारात येतो तो बहुतेक जाळ्यातून. गळाने धरणारे आम्ही थोडे. तो चपटा असल्यामुळे पुष्कळजण त्याला लेपटीचाच मोठा भाऊ समजतात, पण त्याचं तोंड एकदा उघडून बघावं. लेपटीचं तोंड बारीक आणि वाकडं, चिखलातले किडे वेचायला पुरेल एवढंच. भाकसाचा जबडा रुंद, आत सुयांसारखे दात. पिल्लू असताना त्याचे डोळे इतर माशांसारखेच दोन बाजूंना असतात, पुढे एक डोळा सरकत दुसऱ्या बाजूकडे निघतो. बाकीच्या बहुतेक चपट्या माशांत तो पार पलीकडे पोचतो, भाकसात मात्र वाटेतच, डोक्याच्या धारेवर थांबतो. कुणाचे डोळे डावीकडे, कुणाचे उजवीकडे, दोन्ही जातीचे भाकस जवळजवळ सारखेच सापडतात. मला ह्यात रस आहे तो गळाच्या कामापुरता. वाळूत अंग पुरून पडलेल्या ह्या माशाचा एक डोळा थेट वर बघत असतो. तेव्हा चारा तळाला लोळवण्यात अर्थ नाही. शिसं खाली, गळ त्याच्यावर वीतभर, म्हणजे चारा त्याच्या डोक्यावरून जायला हवा. चारा निवडण्याआधी तो कुठे लटकणार हे ठरलं की निम्म्या वस्तू आपोआप बाद होतात. जे वाहत्या पाण्यात गोळा होऊन फिरतं, दोरीला गुंडाळतं, ते कामाचं नाही.

बाजारात भाकस साफ करून घेताना मी मासळी विकणाऱ्या मावशीला सांगतो, पोट टाकू नको, मला दे. पहिल्यांदा तिला वाटलं मांजरासाठी मागतोय. आता ती स्वतःच कापते आणि सांगते, "मास्तर, आज मांदेली हाय आत. दोन. अर्धी जिरलेली." पोटात मला बहुतेक वेळा मासेच सापडले आहेत: मांदेली, बारीक ढोमी, एखादं बोयटं, मधूनच कोलंबी. करंदी क्वचित, आणि जवळा मला तरी कधी दिसला नाही. एवढ्या मोठ्या जबड्याने जवळा टिपत बसणं त्यालाही परवडत नसावं. चाऱ्याची माहिती देणारं याहून खरं पुस्तक मला माहीत नाही. दुकानातले रबरी मासे, लसणाचा वास मारलेल्या गोळ्या, मोबाईलवरच्या चित्रफितींतलं बडीशेपेचं तेल हे सगळं विकत घेणारी पोरं मला राजोडीच्या किनाऱ्यावर भेटतात. त्यांना मी काही म्हणत नाही. निवळ पाण्यात रबरी मासा चालतोही. फक्त आपलं पाणी वर्षातले किती दिवस निवळ असतं, हे ज्याने त्याने बघावं.

मग चारा आणायचा कुठून? पाचूबंदर, नायगाव, अर्नाळा ही डोलीची गावं. डोल म्हणजे समुद्रात खुंट रोवून त्याला बांधलेली लांब पिशवीसारखी जाळी, तोंड प्रवाहाकडे. पाणी धावतं तोवर त्यात जे वाहून येईल ते अडकतं, आणि पाणी थांबायच्या सुमाराला नाखवा ती उपसतो. ह्या खुंटांच्या जागांना कवी म्हणतात, आणि त्या कुठे मारायच्या ह्यावरून वसई-उत्तनकडचे आणि पालघर-डहाणूकडचे मच्छीमार वर्षानुवर्षं भांडत आले आहेत. तो वाद मोठ्यांचा. माझ्यासारख्याला डोलीचा उपयोग वेगळाच. जेट्टीवर ओतलेला डोलीचा ढीग बघितला की त्या दिवशी खाली काय फिरतंय ते समजतं. बोंबलाच्या जोडीला मांदेली जास्त असेल तर मी मांदेली घेतो, ढोमी जास्त असेल तर ढोमी. ढिगात जे नाही ते आणून लावण्याचा हट्ट मी करत नाही. ज्या माशाने आठवडाभर मांदेली खाल्ली, त्याच्यासमोर मांदेलीच हललेली बरी. अपवाद बोंबलाचा. ढिगात सगळ्यांत जास्त तोच असतो आणि गळावर तोच सगळ्यांत वाईट. अंगात सगळं पाणी, गळ भिरकावला की बोंबील एका दिशेला आणि गळ दुसऱ्या. शिवणाच्या दोऱ्याने गुंडाळून लावणारे आहेत. मी बोंबील घरी नेतो.

ताजेपणा ओळखायला नाक पुरत नाही, कारण जेट्टीवर सगळ्यालाच वास असतो. कोलंबीचं डोकं धडाला घट्ट हवं, मानेशी काळं पडायला लागलं की ती आपल्या जेवणालाही नको आणि भाकसालाही. मांदेलीची सोनेरी झाक टिकलेली असावी, पोट फुटलेलं नसावं. माकूळ ताजा असतो तेव्हा अंग काचेसारखं आणि त्यावर तपकिरी ठिपके. गुलाबी पडला म्हणजे शिळा. आणि घेतलेला चारा नळाच्या पाण्याने धुऊ नये. गोड्या पाण्याने त्याचा रंग जातो, अंग सैल पडतं, आणि ज्या रसाचा वास पाण्यात पसरायला हवा तो मोरीत वाहून जातो. वर्तमानपत्रात गुंडाळायचा, प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा, पिशवी बर्फावर. बर्फाचं पाणी आत गेलं की सगळी मेहनत फुकट.

पण भाकसाचा खरा चारा जिवंत. जिवंत बोयटं, बोटभर लांबीचं. ते डोलीत मिळत नाही, डोलीत सगळं मेलेलं येतं. त्यासाठी खाजणात जावं लागतं, भरती चढायच्या सुरुवातीला, पाग, म्हणजे फेकायचं जाळं, खांद्यावर टाकून. तिवरांच्या मुळांशी पाणी शिरायला लागतं तसे बोयटांचे थवे कडेकडेने वर सरकतात. पाण्यावर बारीक शहारा उठतो, तो वाऱ्याचा की माशाचा हे डोळ्याला सवयीने कळायला लागतं. बगळा जिथे मान आखडून उभा, तिथे फेकायचा नाही, त्याच्या दहा पावलं पुढे फेकायचा, कारण थवा त्याला टाळून पुढे गेलेला असतो. पाग गोल उघडला पाहिजे. बरोबरच्या नाखव्याचा उघडतो, माझा अजून लांबट पडतो, तो हसतो. मिळालेली बोयटं डब्यात, त्यात खाजणाचंच पाणी, बॅटरीवरचा हवेचा पंप चालू. गर्दी केली तर सगळी एकदम पोट वर करतात. त्यापेक्षा थोडी आणि ताजीतवानी बरी. गळ लावताना दोन्ही ओठांतून, म्हणजे ते श्वास घेतं आणि ओढीकडे तोंड करून पोहत राहतं. कोलंबी जिवंत असली तर डोक्यात जो काळपट ठिपका दिसतो त्याला न दुखवता शिंगाच्या बुडाशी, नाहीतर शेपटीच्या शेवटच्या पेरातून.

जिवंत चाऱ्याला चोर कमी त्रास देतात. मेलेल्या चाऱ्यावर मात्र शिंगाळ्याची पिल्लं आणि चिंबोऱ्या तुटून पडतात, दोरी ओढून बघावी तर गळ लख्ख. चोर फार झाले की मी माकूळ काढतो. त्याची लांब तिरकी पट्टी कापायची, एका टोकाला गळ, बाकीची मोकळी, पाण्यात वळवळायला. भाकस तिला बोयटाइतका भुलत नाही, पण ती टिकते. अलास्कात तिथला हॅलिबट, म्हणजे आपल्या भाकसाचा दूरचा आणि दोनशे किलोपर्यंत जाणारा नातेवाईक, धरणारे लोक हेरिंग आणि सामन वापरतात, आणि त्यांच्याकडेही चोरांवर उपाय म्हणून आठ पायांचा ऑक्टोपस लावतात. कातडं चिवट, चिंबोरीला तोडता येत नाही. इतक्या दूरची माणसं त्याच विचाराने त्याच जातीच्या प्राण्याशी आली, ह्याची मला गंमत वाटते.

त्यांची एक गोष्ट मात्र आपल्याकडे नाही. अमेरिका आणि कॅनडा यांनी मिळून १९२३ मध्ये हॅलिबटसाठी एक आयोग नेमला. समुद्रात हॅलिबट किती उरला हे मोजायला तो आयोग दोरीवर गळ सोडत आला, आणि त्या गळांना वर्षानुवर्षं तोच चारा लावला, चम सामनचे ठरावीक आकाराचे तुकडे. चारा बदलला तर यंदाचा आकडा गेल्या वर्षीच्या आकड्याशी जुळवता येणार नाही, म्हणून. मी दर तिथीला चारा बदलणारा माणूस. पाचूबंदरचे म्हातारे सांगतात, पूर्वी दोरीच्या गळाला भरपूर भाकस यायचा. माझा त्यांच्यावर विश्वास आहे. पण माझ्या गळाने मी ते सिद्ध करू शकत नाही. माझा गळ रिकामा आला तर भाकस नव्हता की चारा चुकीचा होता, हे मलाच सांगता येत नाही.

चारा कमी झाला, एवढं मात्र मी सांगू शकतो. ते मोजायला आयोग लागत नाही. जिथे पाग टाकला की बोयटं यायची अशा खाजणाच्या कितीतरी तुकड्यांवर आज भराव आहे, भरावावर इमारती. महानगरपालिका २००९ मध्ये झाली, गावं शहरात आली, आणि शहराचं पाणी खाडीत उतरलं. काही नाल्यांच्या तोंडाशी धरलेल्या कोलंबीला फिनेलसारखा वास मारतो. अशी कोलंबी डब्यात बोयटांबरोबर ठेवली की ती बोयटंही मरतात. मिठागरांच्या चरांत अजून बारीक मासळी मिळते, जिथे मिठागरं उरलीत तिथे. भाकसाबद्दल सभा होतात, जाळ्याच्या आसाबद्दल होतात. बोटभर बोयटाबद्दल कुणी सभा घेतलेली मी ऐकलेली नाही, आणि ते ज्या चिखलात वाढतं तो चिखल तर नकाशात पडीक जमीन म्हणून रंगवलेला असतो.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद. डोली किनाऱ्यावर, ढीग नाही, भाकसाच्या पाण्यात जायची सोय नाही. त्या दोन महिन्यांत खाडीच्या तोंडाशी खाजरी येते, आणि तिला खाजणातली जिवंत कोलंबी सोडून मी दुसरं काही लावत नाही. त्यामुळे मावशीचं माझं गिऱ्हाईक तुटतं. ऑगस्टात पहिल्या डोलीची मांदेली आली की तीच निरोप पाठवते. गेल्या वर्षापासून तिने भावही वेगळा लावलाय: खायची मांदेली स्वस्त, चाऱ्याची महाग. टोपली तीच. मी विचारलं, असं का, तर म्हणाली, "खाणारा काय, पोट फुटलेलं पण घेतो. तुम्ही एकेक निवडून घेता, माझा वेळ जातो." मी चाऱ्याच्या भावाने घेतो.