अप्पांचा कान आणि 127 दात्यांचं गियर

उद्यमबागेत ज्यांचं वर्कशॉप आहे किंवा होतं, त्यांना हे सांगायला नको. लेथचं बेरिंग कुरकुरायला लागलं की जुना टर्नर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक हेडस्टॉकवर ठेवतो, मूठ कानामागच्या हाडाला टेकवतो आणि निकाल देतो. बेळगावात आमच्या अप्पांचा निकाल चालायचा. शेजारचे कन्नड शेडवालेसुद्धा त्यांना बोलावून न्यायचे.

चाळीस वर्षं मशीनपाशी काढल्यावर कान गेले. घरी बोलले नाहीत. एक दिवस स्क्रूड्रायव्हर लावून बराच वेळ उभे राहिले, मग तो बाकावर ठेवला. "आज काय कळंना."

मी इलेक्ट्रॉनिक्सवाली. म्हटलं, ऐकू येत नाही तर दाखवू. हेडस्टॉकला पिझो चकती चिकटवली, छोटा ॲम्प्लिफायर लावला आणि कपाटात पडलेला आर्डुइनो ऊनो काढला. त्यातली चिप नेहमीच्या सेटिंगवर सेकंदाला साधारण 9,600 वेळा मोजते. मोजण्याचं काही अडलं नाही. अडलं ते पाठवण्यात. लॅपटॉपकडं सगळं एका तारेवरून, बिटामागून बिट जायचं. उदाहरणांत असतो तो 9600 चा वेग ठेवला तर सेकंदाला 960 बाइट जातात, कारण बाइटचे 8 बिट, वर एक सुरुवातीचा, एक शेवटचा. आणि मी शहाणी, प्रत्येक मोजमाप अक्षरांत लिहून पाठवत होते! स्क्रीनवर नुसता चिवडा.

अक्षरं बंद केली, प्रत्येक मोजमाप दोन बाइटांत बसवलं. तरी सेकंदाला 19,000 च्या वर बाइट. वेग 115200 केला, तर तो 11,520 बाइटच नेतो. शिवाय मधूनच कचरा यायचा. दोन रात्री त्यात गेल्या.

"काय करायलीस एवढं?" अप्पांनी विचारलं. बोलून ऐकू जाईना, म्हणून बिलाच्या पाठीवर लिहून दाखवलं. चिपचं घड्याळ सेकंदाला 1,60,00,000 ठोके देतं. त्याला 16 ने भागायचं, 10,00,000 उरतात. पुढं पूर्ण आकड्यानंच भागता येतं. 9 ने भागलं तर 1,11,111. हवे होते 1,15,200. साडेतीन टक्के कमी.

अप्पा हसले. "म्हणजे इंची लीडस्क्रूवर मिलिमीटरचे आटे पाडायलीस की! 127 चं गियर नसलं तर कसं जमंल? बसतोय तोच आटा पाड."

पाच इंच म्हणजे बरोबर 127 मिलिमीटर, हे मला तेव्हा कळलं. ते गियर त्यांनी कापडात गुंडाळून ठेवलेलं असायचं, लहानपणी मी त्याला चाक म्हणून खेळायला मागायची.

2 ने भागलं. 5,00,000, एक ठोकाही इकडंतिकडं नाही. लॅपटॉपलाही तोच वेग सांगितला. सेकंदाला 50,000 बाइटांची वाट मोकळी झाली. मग पाठवणं संपायची वाट बघत बसणंही बंद केलं, मोजून झालं की इंटरप्ट येतो, दोन बाइट रांगेत टाकायचे नि पुढं.

सकाळी लेथ सुरू केला. पडद्यावर लाट आली आणि तिच्यात ठरावीक अंतरानं एकेक टोक. अप्पांनी चष्मा पुसला, एका टोकावर बोट ठेवलं.

"हेच. टक्-टक् करतंय बघ. बाहेरची रिंग."

दुपारी बेरिंग उघडलं. रिंगवर ज्वारीच्या दाण्याएवढा खड्डा होता. अप्पा तोवर चकती सोडवायला लागले होते, शेजारच्या शेडमध्ये न्यायची म्हणून.