किरकोळ

कला शाखेच्या मुलीने गणितावर लिहावे, हे कुणाला विचित्र वाटेल. दहावीनंतर गणिताचा नि माझा संबंध सुटला. पण आकडे काही सुटत नाहीत. मराठीच्या तासालाही ते शब्दांच्या आडून डोकावतात. आता हेच पाहा ना, मी एकोणीस वर्षांची आहे. एकोणीस म्हणजे विसाला एक ऊन, एक कमी. संख्येला तिच्या स्वतःच्या नावाने हाक न मारता पुढच्या दशकाच्या नावाने ओळखायचे! एकोणतीस, एकोणचाळीस, थेट एकोणनव्वदपर्यंत हीच रीत. पाऊण आणि पावणेदोनमध्येही तोच 'ऊन' दडलेला. नव्व्याण्णव तेवढा मानी, तो शंभराकडे बघतच नाही. दुकानदारांचा मात्र तो लाडका. ९९ रुपयांची पाटी वाचताना डोळा आधी डावीकडच्या अंकावर पडतो, हे त्यांना पक्के ठाऊक!

डावीकडून पाहायचे, हे आम्हांला प्राथमिक शाळेत गुरुजींनीच शिकवले होते. दोन संख्यांत लहानमोठी ठरवायची तर आधी डावीकडचा अंक पाहा; तो सारखा असेल तरच पुढे सरका. आसन्न किंमत काढताना मात्र उलटे. तिथे सोडून द्यायच्या उजवीकडच्या अंकाला विचारायचे. तो पाच किंवा अधिक असेल तर वर जा, कमी असेल तर खाली या.

आमचे गाव चाळीसगाव तालुक्यातले. तिथून जवळच पाटण येथे एक जुना शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापल्याचे त्यात कोरले आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त व्यासावरून परीघ काढण्याच्या दोन रीती सांगितल्या आहेत. ३९२७ ने गुणून १२५० ने भागा, हा सूक्ष्म परीघ. २२ ने गुणून ७ ने भागा, हा स्थूल, व्यवहारापुरता. दहा हात व्यासाच्या विहिरीला दोन्ही रीतींत अंगुळभरही फरक पडत नाही. हजार हातांच्या तळ्याला मात्र सव्वा हाताचा पडतो. स्थूलाला त्यांनी हलके लेखले नाही. पण सूक्ष्म कुठले नि स्थूल कुठले, हे लपवलेही नाही.

हे सारे मला सुचले ते आमच्या म्हशीमुळे!

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. एस.टी.चा पास, पुस्तके, सारे दुधाच्या पैशांवर चालते. आई सकाळ-संध्याकाळ केंद्रावर दूध घालते. काट्यावर ६.८७ असा आकडा उजळतो आणि वहीत ६.८ लिहिले जाते. ६.८१ आले तरी ६.८, ६.८९ आले तरी ६.८. शेवटचा अंक नेहमी खालीच पडतो. कारण विचारले तर उत्तर एकच, "किरकोळ आहे हो ते."

मी महिनाभर केंद्रावर उभी राहून दोन्ही आकडे वहीत मांडले. साठ मापांत २.६८ लिटर किरकोळ निघाले. याच मानाने वर्षाला बत्तीस लिटरांच्या वर जाते. लिटरला पन्नास रुपये धरले तरी सोळाशे रुपये झाले! माझी वर्षाची पुस्तके त्यात आली असती. शिवाय ज्यांच्या गोठ्यातून साठ लिटर येते, त्यांचेही एका मापाला तेवढेच थेंब जातात नि आमच्या सहा-साडेसहा लिटरांतूनही तेवढेच. त्यांच्या मानाने आमचा तोटा दहापट. हे डावीकडून पाहणाऱ्याला कसे दिसावे?

रात्री आईला गुरुजींची रीत समजावून सांगितली. ती शाळेत गेलेली नाही. तिला अक्षर येत नाही, आकडे येतात. नेहमी पाचाला वर नेले तर दर मापाला सरासरी पाच मिलिलिटर आपल्याच पदरात जास्तीचे पडतील, हेही मी प्रामाणिकपणे सांगितले. ती क्षणभर थांबली नि म्हणाली, "मग पाचाचं एकदा त्याहीले, एकदा आपल्याले. कोणाचं थेंबभर जास्ती नको, माय." पाच आला की जवळची सम संख्या घ्यावी, अशी एक रीत गणितात आहेच. वर जाणे नि खाली येणे सारखे व्हावे म्हणूनच ती निघाली. आईने ती चुलीपुढे बसून काढली!

वही घेऊन मी केंद्रावर गेले. "बी.ए.ला ना तुम्ही? मग हे कशाला?" असे म्हणून मापाऱ्यांनी ती चाळली आणि पुढच्या सभेत विषय घेऊ म्हणाले. सभा अजून झालेली नाही.

आई आता दूध ओतले की काट्याकडे बघून मोठ्याने म्हणते, "सहा पॉइंट सत्त्याऐंशी!" तिच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या दोघी-तिघीही हल्ली आपापला आकडा पुरता म्हणतात. वहीत अजून एकच दशांश पडतो.