हत्तींची वाट

सह्याद्रीच्या धारांवर तयार झालेल्या पावलांना पायरीपायरीच्या काळ्या कातळाचा भरवसा असतो. बंगळूरजवळच्या आनेकल तालुक्यात, बन्नेरघट्ट्याच्या अरण्यात, तो कामी येत नाही. येथील पट्टिताश्म सुमारे ३०० कोटी वर्षांचा. आमचा कातळ त्यापुढे कालचे पोर. ऊनपावसाने घोटलेल्या त्याच्या गोल पाठीवर बोट रोवायला खाच मिळत नाही.

मार्गशीर्षातल्या त्या सकाळी घाणेरीच्या जाळ्या चुकवीत माथ्यावर आलो, आणि अवचित रुंद, सौम्य चढाची वाट लागली. ती हत्तींची. घाटरस्ता आखणाऱ्याला हेवा वाटावा अशी त्यांची चढणीची जाण! हे राष्ट्रीय उद्यान झाले १९७४ साली. हत्ती त्याच्या कितीतरी आधीपासून दक्षिणेकडच्या, कावेरीकाठच्या रानांतून इकडे येत आले आहेत. उत्तरेला शहराच्या इमारती दिसतात. मधली जागा आकसते आहे. पायी भटकण्याचा आपला छंद अशा वाटेवर जरा आगाऊच वाटतो.

सोबतच्या वनरक्षकाने वाटेतल्या लिदीवर तळहात धरला आणि न बोलता आम्हांला मागे फिरवले. लीद अजून कोमट होती. तीत नाचणीची अर्धवट चावलेली ताटे होती. खाली, खंदकापलीकडे, कुणाचे तरी शेत रात्रीच गेले होते.