मे महिन्यातले पाणी

चि. छोटीस,


बाउंडरी वॉटर्स हा अमेरिकेच्या मिनेसोटा राज्याच्या उत्तर टोकाचा, कॅनडाच्या हद्दीला लागून असलेला सरोवरांचा मुलूख. सुपीरियर राष्ट्रीय वनातले हे राखीव रान दहा लाख एकरांहून मोठे. आत हजारावर सरोवरे, त्यांना जोडणारे ओढे आणि दोन पाण्यांमधल्या पायवाटा. 1964 च्या वन्यभूमी कायद्याने त्याला संरक्षण मिळाले आणि 1978 च्या कायद्यानंतर बहुतेक पाण्यावरून इंजिनाच्या बोटी गेल्या. आत दुकान नाही, रस्ता नाही, मोबाइलची रेंज बहुतेक ठिकाणी नाही. पाट्यासुद्धा नाहीत. तळाची जागा आणि पायवाटेचे तोंड नकाशावरून हुडकावे लागते. अशा मुलखाचा बेत मेच्या पहिल्या आठवड्यात, तुम्हा चौघींपैकी एकीनेही ते रान पाहिलेले नसताना, आणि तुझ्या पत्राच्या शेवटी हे वाक्य: ‘लाइफ जॅकेट्स बॅगांना बांधून ठेवू, पोहता सगळ्यांनाच येतं.’ प्रश्न एवढाच होता की परमिट कुठून काढावे. उत्तर तिथूनच सुरू करायला हवे, पण त्या वाक्याने धीर धरवत नाही.

परमिटाची व्यवस्था सरळ आहे. 1 मे ते 30 सप्टेंबर या काळात मुक्कामी जाणाऱ्यांसाठी प्रत्येक प्रवेशस्थळाचा रोजचा कोटा ठरलेला असतो. आरक्षण जानेवारीच्या शेवटच्या बुधवारी उघडते. परमिटावर ठिकाण आणि तारीख असते. त्याच दिवशी, तिथूनच आत जायचे. एका गटात जास्तीत जास्त 9 माणसे आणि 4 होड्या. आत गेल्यावर मुक्कामाचे आरक्षण नसते. लोखंडी चूल आणि मागे रानात साधा संडास, ही ठरावीक तळाची खूण. जो तळ रिकामा दिसेल तो आपला. म्हणून दुपारी दोन-तीनच्या सुमारास जागा धरावी. अंधार पडेपर्यंत वल्हवत राहण्यात काही मर्दुमकी नाही.

प्रवेशस्थळ निवडावे ते गटातल्या सर्वांत कच्च्या व्यक्तीकडे पाहून. क्रूकेड लेक आणि तिथला कर्टन फॉल्स हा पत्रातला बेत फोटोंवरून ठरलेला दिसतो. धबधबा देखणा आहे यात शंका नाही. पण सरोवराचे सगळे पाणी तिथे एका तोंडातून खाली जाते आणि वसंतात पाणी चढले की वरच्या अंगाला ओढ फार वाढते. मे 2024 मध्ये दोन कॅनू त्या धबधब्यावरून खाली गेल्या आणि दोन माणसे दगावली. ती माणसे कॅनूला नवखी होती असेही नाही. नवख्यांनी ईली गावाजवळचे लेक वन घ्यावे. तिथून दोन लहान पायवाटांनी लेक टू, पुढे थ्री आणि फोर. लेक वनमध्ये बेटे आणि खाड्या इतक्या की पहिल्याच तासात वाट चुकते, त्यामुळे नकाशा आणि होकायंत्र मांडीवर उघडे असावे, पिशवीत नव्हे. लेक थ्रीच्या पुढे 2011 च्या पगामी क्रीक वणव्याने खाल्लेले रान लागते. ऑगस्टमध्ये पडलेल्या एका विजेपासून तो पेटला, महिनाभराने वाऱ्यावर उसळला आणि एकूण 92,000 एकरांवर रान घेऊन गेला.

आता मे महिना. आपल्याकडे मे म्हणजे पाण्यात डुंबण्याचे दिवस. तिकडे एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत कधीतरी सरोवरांवरचे बर्फ उतरते. ऊन लख्ख असते, हवा अंगरखा काढण्याइतकी उबदार होते, आणि हाताखालचे पाणी 5-6 अंशांवर असते. फसगत इथेच होते, कारण माणूस कपडे हवेकडे पाहून घालतो. मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी अशा पाण्याचे तीन टप्पे सांगितले आहेत: एक मिनिट, दहा मिनिटे, एक तास. पडल्याबरोबर छाती आपोआप मोठा श्वास ओढते आणि मिनिटभर धाप आवरत नाही. त्या पहिल्या श्वासाला तोंड पाण्याखाली असले तर पुढचे टप्पे येतच नाहीत. नंतरच्या दहाएक मिनिटांत बोटे आणि दंड काम सोडतात, कारण हातापायांतले स्नायू आणि नसा आधी गारठतात. गारठ्याने शुद्ध हरपायला तासभर लागतो. माणूस बुडतो तो त्याच्या कितीतरी आधी.

पोहता येण्याचा उपयोग तो एवढाच. टिळक तलावात शिकलेले हात त्या पाण्यात दहा मिनिटांचे धनी. आणि बॅगेला बांधलेले जॅकेट त्या दहा मिनिटांत सोडवून, ओल्या अंगावर चढवून, बधिर बोटांनी बकल लावणे कोणालाही जमत नाही. मिनेसोटाचा कायदा होडीत माणशी एक जॅकेट मागतो. अंगावर घालण्याची सक्ती दहा वर्षांखालच्या मुलांनाच आहे. मोठ्यांनी त्या सवलतीवर विसंबू नये. काठ सोडण्याआधी जॅकेट अंगावर, सगळे पट्टे आवळलेले. दुसरीने खांद्याच्या पट्ट्यांना धरून वर ओढून पाहावे; ते हनुवटीच्या वर सरकले तर सैल आहे, पुन्हा आवळावे. हे रोज, प्रत्येक वेळी, आरशासारख्या शांत पाण्यावरही. सुती कपडे नकोत, लोकरीचे किंवा सिंथेटिक असावेत. एक कोरडा जोड पाणी न शिरणाऱ्या पिशवीत बांधावा. होडी उलटली तर पोहत काठाकडे निघू नये. होडीला धरून अंग जितके पाण्याबाहेर काढता येईल तितके काढावे.

म्हणून तारीखच बदलावी. जूनमध्ये काळ्या माश्या आणि डास माणसाला बसू देत नाहीत. ऑगस्टचा शेवटचा आठवडा ते सप्टेंबरचा पहिला पंधरवडा हा काळ उत्तम. तेव्हा पाणी उन्हाळाभर तापलेले असते, डास ओसरलेले असतात. वारा मात्र सगळ्या ऋतूंत सारखाच. सकाळी पाणी निवांत असते, दुपारी लाटा उठतात. भल्या पहाटे निघावे, मधून आडवे न जाता काठाकाठाने जावे, लाटा वाढल्यास बाकावरून उतरून तळाशी गुडघे टेकावेत. ओझे मध्यभागी आणि खाली.

दोन सरोवरांमधली वाट, म्हणजे पोर्टेज, नकाशावर रॉडमध्ये मोजलेली असते. एक रॉड साडेसोळा फूट, 320 रॉडचा मैल. ओजिब्वे लोक आणि त्यांच्यामागून आलेले फरचे व्यापारी अशाच वाटांनी होड्या वाहत. केवलरची कॅनू साधारण 20 किलोची. तिच्या मध्यावरचे आडवे जू खांद्यांवर टेकते आणि उलटी होडी डोक्यावर टोपासारखी येते; पुढची चार पावले तेवढी दिसतात, ओली मुळे नि गोटे अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत. एकीने होडी घ्यावी, दुसरीने रिकाम्या हाताने पुढे चालून वाट सांगावी, सामानासाठी दुसरी फेरी करावी. मुरगळलेला पाय तिथे दोन दिवसांचा प्रश्न होतो.

खाण्याचे डबाबंद पदार्थ आणि काचेच्या बाटल्या आत नेण्यास बंदी आहे. तेव्हा ताईने पाठवलेली लोणच्याची बरणी घरीच ठेवावी, हवे तेवढे लोणचे प्लास्टिकच्या डबीत घ्यावे. अस्वले आहेत. रात्री अन्न, टूथपेस्टसुद्धा, अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात ठेवावे किंवा जमिनीपासून 12 फूट वर आणि खोडापासून 6 फूट दूर टांगावे. तंबूत चिवड्याची पुडीही नको. भांडी आणि अंग धुणे पाण्यापासून 150 फुटांवर. पिण्याचे पाणी गाळावे किंवा उकळावे, कितीही नितळ दिसो.

निघण्यापूर्वी प्रवेशस्थळ, होड्यांचे रंग, रोजच्या मुक्कामाचा अंदाज आणि परतीची वेळ मिनियापोलिसमधल्या एखाद्या भरवशाच्या माणसाकडे लिहून द्यावी, आणि किती उशीर झाला की त्या काउंटीच्या शेरीफ कचेरीत फोन करायचा तेही. उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र भाड्याने मिळते, ते घ्यावेच. सप्टेंबरचे परमिट निघाल्याचे एका ओळीने कळवावे. तोवर ताईच्या कानावर यातले काही घालणार नाही.

कळावे.

मामाचे आशीर्वाद