कणकुंबीवरून जाऊ

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
गोपाळकाल्याचा दुसरा दिवस

प्रिय धाकट्यास,



तुझा निरोप तीनदा ऐकला. ऑक्टोबरात येतोयस, मुलांना घेऊन गाडीने गोव्याला जायचंय, रस्ता डोंगरातला हवा आणि मुलांना ‘हद्द ओलांडली’ असं वाटलं पाहिजे. गेल्या वर्षी म्युनिकहून निघून ब्रेनरच्या खिंडीतून इटलीत उतरलात, तेव्हापासून त्यांना हे वेड लागलंय म्हणालास. लागू दे. बत्तीस वर्षं फळ्यावर सह्याद्रीची रेघ ओढली, तेवढं वेड मला एका पोरालाही लावता आलं नाही.

ह्यांचं म्हणणं, पळस्प्याला गाडी वळवायची आणि ६६ नंबरचा महामार्ग धरायचा. पार कन्याकुमारीला जाणारा रस्ता आपल्या दारातून सुटतो, तर बाहेर कशाला हिंडायचं? बोलणं सरळ आहे. पण त्या रस्त्याचं पनवेल-इंदापूरचं रुंदीकरण २०११ साली सुरू झालं, आणि त्यानंतर दर गणपतीत कोकणातली माणसं त्याच्या नावाने जे बोलतात ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. तो राग सोडला तरी माझी हरकत वेगळीच आहे. हा रस्ता डोंगराच्या पायथ्यापायथ्याने जातो. सह्याद्री सगळा वेळ डाव्या खिडकीत, भिंतीसारखा. मध्ये कशेडीसारखे घाट लागतात, पण ते डोंगराच्या फाट्यांवरचे. मुख्य रांग तू एकदाही ओलांडत नाहीस.

म्हणून मी ठरवलंय ते असं. २७ तारखेला पहाटे पाचला घर सोडायचं आणि खंडाळ्याच्या घाटाने वर चढायचं. वर पोचलो की मुलांना सांग, इथपर्यंत पडलेला पाऊस अरबी समुद्राला जातो. लोणावळ्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी मात्र भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि ते पाणी बंगालच्या उपसागरात जातं. समुद्र इथून ऐंशी किलोमीटरसुद्धा नाही आणि नदी त्याला पाठ करून सगळा देश तुडवत निघते. शाळेत हे सांगितलं की पोरं जांभया देत. घाटात गाडी थांबवून सांगितलं असतं तर कदाचित दिली नसती.

पुढे पुणे, सातारा, कऱ्हाड. तो रस्ता रुंद आणि कंटाळवाणा, झोप काढा. मुक्काम कोल्हापूरला. तांबडा-पांढरा रस्सा मुलांना तिखट लागेल, पांढऱ्यावर भागवू.

दुसऱ्या दिवशी कागल सोडलं की कोगनोळी, म्हणजे कर्नाटक. तुझी मुलं इथे खट्टू होणार. डोंगर नाही, खिंड नाही, दोन्हीकडे तोच ऊस. पाट्यांवरची लिपी बदलते एवढंच. आणि ह्याच सपाट उसातल्या रेघेवरून १९५६ पासून भांडण चालू आहे. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून. मुलांनी विचारलं तर आडपडदा न ठेवता सांग. म्हणूनच मी तारखा मागे घेतल्या. १ नोव्हेंबरला बेळगावच्या बाजूला असायचं नाही. तिथे त्या दिवशी सरकारी राज्योत्सव असतो आणि मराठी माणसं काळा दिन पाळतात. एरवी बेळगावात खुशाल थांब, कुंदा घे, मराठीत भाव कर.

संकेश्वरजवळ हिरण्यकेशीचा पूल लागेल. ते नाव लक्षात ठेव, परतीला लागणार आहे.

आता खरा रस्ता. बेळगावहून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला आणि घाट उतरून गोव्यातली केरी. बेळगाव ते पणजी जेमतेम सव्वाशे किलोमीटर, पण मी अख्खा दिवस ठेवलाय. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते. ती पूर्वेला जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळते. त्याच गावच्या शिवारातला कळसा नाला उलट दिशेने म्हादईकडे धावतो, आणि म्हादई म्हणजेच पणजीसमोरची मांडवी. एकाच गावावर पडलेली सर अशी दोन समुद्रांत वाटली जाते. तुमच्या ब्रेनरलाही पाणी असंच फुटतं, अर्धं डॅन्यूबमधून काळ्या समुद्राला, अर्धं एड्रियाटिकला. तिथे पहिल्या महायुद्धानंतर देशाची हद्दही त्याच खिंडीत नेऊन ठेवली. आपल्याकडे राज्याची पाटी कणकुंबीच्या पुढे काही किलोमीटरांनी लागते. मुलं पाटीचा फोटो काढतील, काढू दे. तू त्यांना माउलीपाशी उभं कर.

कळशाचं पाणी मलप्रभेत वळवायचा कर्नाटकचा बेत जुना आहे. गोवा अडून बसला, लवाद नेमला गेला, १४ ऑगस्ट २०१८ ला त्याने निकाल दिला आणि तरी वाद मिटला नाही. रेघांवरून भांडणारी माणसं मला नेहमी थोडी हास्यास्पद वाटत आली, पण हे भांडण मला कळतं. पाणलोटाच्या पलीकडे पाणी नेणं म्हणजे डोंगराने केलेली वाटणी मोडणं. (आम्ही पनवेलकर ह्यावर बोलायला फारसे लायक नाही. तू गेलास तेव्हा इथे उलव्याची टेकडी होती. विमानतळासाठी ती कापली आणि नदीचा प्रवाह वळवला.)

घाट उतरताना खाली अंजुण्याच्या धरणाचं पाणी दिसेल. हा सत्तरीचा मुलूख, दीपाजी राण्यांनी १८५२ साली पोर्तुगीजांविरुद्ध उठाव केला तो. गाडी मी चालवणार, ह्यात बदल नाही. तुझा हात उजवीकडच्या वाहतुकीला सरावलाय आणि चोर्ल्याची वळणं चूक पोटात घालणारी नाहीत. उतारावर दुसरा गियर, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, चढणाऱ्या गाडीला आधी वाट. अंबेनळी घाटात एकदा मी ब्रेक जळल्याचा वास येईपर्यंत दाबत उतरले होते, तेव्हापासून शहाणी झाले. अंधार पडायच्या आत साखळी गाठायची.

गोव्यात दोन रात्री. तिथलं तुला मी काय सांगणार?

परतताना मात्र पत्रादेवीला थांबायचं. तिथेही डोंगर नाही, सरळ डांबरी रस्ता, अलीकडे गोवा, पलीकडे बांदा. पण तुझ्या मुलांना हवी तशी, परक्या देशाची हद्द इथे होती. १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रही ती ओलांडायला निघाले आणि पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या. पंजाबातून आलेला कर्नेलसिंग बेनिपाल तिथेच पडला. डिसेंबर १९६१ पर्यंत ती हद्द टिकली. आता तिथून पुढे इन्सुलीला गाडी अडवतात ती बाटल्या शोधायला. तेव्हा तुझ्या काजू फेणीचा बेत इथेच सोड.

सावंतवाडीहून आंबोलीचा घाट चढायचा आणि वर मुक्काम. सकाळी हिरण्यकेशीच्या देवळात जाऊ. गुहेतून पाणी येतं आणि नदी सुरू होते. तिथल्या कुंडात एक छोटा मासा सापडला, २०२० साली त्याला नदीचंच नाव मिळालं. मग आजरा, गडहिंग्लज, नदीच्या सोबतीने संकेश्वरच्या त्याच पुलापर्यंत. आजऱ्याला घनसाळ तांदूळ घ्यायचाय, पाच किलोची जागा डिकीत ठेव. ३१ च्या रात्री घरी.

म्हणजे मुख्य रांग आपण चार वेळा ओलांडू, खंडाळा, चोर्ला, आंबोली, पुन्हा खंडाळा, आणि चारांपैकी एकाही जागी हद्दीची पाटी माथ्यावर नाही. मुलांना हे आधी सांगू नकोस. त्यांचं त्यांना कळतंय का बघू.

ह्यांना अजून बोलले नाहीये. तुझा फोन आला की तूच सांग, तुझं ऐकतात. गाडीचं पीयूसी संपत आलंय, ते मी सोमवारी करून घेते.

तुझी,
ताई