म्हाताऱ्या कातडीचा सामू

मी शेती खात्याचा माणूस. मुरगूडकडच्या गावांत सोप्यावर चहाला बसलो, की उसाचे-तंबाखूचे बोलणे संपता संपता घरातले म्हातारे माणूस हळूच विचारते, "सायेब, अंगाला लई खाज सुटत्या. काय औषध हाय काय?" मग आवाज आणखी खाली येतो, "पोरांस्नी वाटतंय, म्हातारा नीट अंघोळच करीत न्हाई."

हे बोलणे मनाला लागते. मग म्हातारा बंबातले कढत पाणी घेतो, साबण दोनदा लावतो, अंग खसखसून घासतो. रात्री खाज वाढते, झोप जाते, नखांनी रक्त निघते.

आपण मातीचा सामू तपासतो. कातडीलाही सामू असतो, साधारण ५ च्या आसपास. म्हणजे किंचित आम्ल. नेहमीच्या साबणाचा सामू ९ ते १० असतो. उतारवयात कातडी पातळ होते, तिचे अंगचे तेल कमी होते. उरलेसुरले तेल कढत पाणी आणि साबण धुऊन नेतात. वरचा थर वाहून गेलेल्या रानात ओल टिकत नाही, तसेच हे.

म्हणून पाणी कोमट घ्यावे. अंघोळ पाच-दहा मिनिटांत आटपावी. साबण काखा, जांघा व पावले यांनाच पुरे. अंग पंचाने टिपावे, घासू नये. दिवाळीत आपण तेल आधी लावतो. थंडीभर अंघोळीनंतर, अंग ओलसर असतानाच खोबरेल लावावे. मात्र तळपायांना व बोटांच्या बेचक्यांत नको. फरशीवर पाय घसरतो आणि बेचक्यांत चिखल्या होतात. माझ्या आईला असे सुरू केले, तेव्हा पंधरवड्यात तिची झोप परत आली.

मधुमेह असेल तर पायांना चटका कळत नाही; पाणी दुसऱ्याने हात घालून पाहावे. घरात इतरांनाही रात्री खाज सुटत असेल तर ती खरूज असू शकते. सर्वांनी एकाच वेळी औषध घ्यावे लागते. दुकानातून मनाने मलम आणू नये. एवढे करूनही खाज राहिली तर दवाखाना गाठावा; मूत्रपिंडाच्या किंवा यकृताच्या दुखण्यातही खाज सुटते.

बंधू-भगिनींनो, म्हाताऱ्या माणसाचा हात स्वतःच्या पाठीपर्यंत पोचत नाही, आणि संकोचाने ते मागतही नाही. तेवढे तेल घरातल्या कोणीतरी आपणहून लावावे.